गाण्याला बास नुसता घुमतोय, मोठा सबवूफर घेऊ का? हॉल १८ बाय १२, सांगली

गावभागकर:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय पण पूर्ण वाचा, पंधरा दिवस झाले यात डोकं घालून बसलोय.

आमचं घर गावभागात. २०१९ च्या पुरात तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा अण्णांचा जुना अँप्लिफायर आणि लाकडी स्पीकरची जोडी दोन्ही गेलं. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी घेतलेला सेट होता तो, रोज सकाळी त्यावर नाट्यसंगीत नाहीतर अभंग चालू असायचे. तेव्हापासून ते मोबाईलवर ऐकतात, कानाजवळ धरून, आणि मला ते बघवत नव्हतं म्हणून यंदा बोनस आला तसा वरच्या मजल्यावरच्या हॉलमधे ५.१ बसवून घेतला. डेनॉनचा रिसीव्हर, पुढं दोन बुकशेल्फ स्टँडवर, टीव्हीखाली युनिटच्या कप्प्यात सेंटर, मागं दोन छोटे सराउंड आणि एक १० इंची सब (सबवूफर, नुसता खालचा बास वाजवणारा).

हॉल १८ फूट लांब, १२ फूट रुंद, स्लॅब १० फुटावर. टीव्ही १२ फुटी भिंतीवर आणि सोफा बरोबर समोरच्या भिंतीला टेकवून. सब टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात, शेजारी काचेचं शोकेस.

सिनेमा लावला की पहिले दोन दिवस सगळे खूष होते, पण गाणं लावलं की नुसता घुमतो. डग्गा कुठल्याही सुरातला असूदे, एकच ढूम. अण्णा म्हणले तबला पाण्यात बुडवून वाजवल्यासारखा वाटतोय. आई म्हणते घरात डॉल्बी आणलास का (आमच्याकडं डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतला, तुम्हाला माहीतच आहे). बरं सब कमी केला तर सिनेमातला दणका जातो, आणि सिनेमात बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की पुढच्या स्फोटाला शोकेसच्या काचा खडखडतात, खालचे भाडेकरू दुसऱ्या दिवशी विचारतात. शिवाय केबलचा बॉक्स चालू केला की सबमधून बारीक हुंऽऽ असा आवाज येतो.

ज्यांच्याकडनं घेतलं ते म्हणतात खोली मोठी आहे, १० इंची पुरत नाही, १२ इंची घ्या, २५ हजार वरती घाला. घालायची तयारी आहे पण त्यानं हे जाईल का? आणि गाण्याला वेगळं सेटिंग आणि सिनेमाला वेगळं असं काही असतं का? रिसीव्हरबरोबर माईक आला होता तो लावून फिटिंगच्या पोरानं एकदा ऑटो सेटअप केलाय.

विश्रामबाग_५.१:

दादा आधी २५ हजार खिशात ठेवा. तुम्ही जे लिहिलंय त्यात सब कमी पडल्याचं एकही लक्षण नाही, उलट एकाच जागी नको इतका मिळतोय. १२ इंची आणून त्याच कोपऱ्यात ठेवला तर हेच ढूम आणखी खालपर्यंत आणि आणखी जोरात ऐकू येईल.

घुमतेय ती खोली. लहानपणी हौदात हात घालून पाणी हिंदकळवलं असेल बघा, एका लयीत हात हलवला की पाणी दोन्ही काठांना वरखाली उसळतं आणि मधोमध जवळजवळ हलतच नाही. आवाजाचं तसंच होतं. ज्या सुराची अर्धी लाट खोलीच्या लांबीत बरोब्बर मावते तो सूर दोन भिंतींमधे अडकून हिंदकळत राहतो. हिशोब सोपा आहे, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीनं भागायचं. तुमचे १८ फूट म्हणजे ५.४९ मीटर, म्हणजे ३१ हर्ट्झ (सेकंदाला ३१ कंपनं). त्याची दुप्पट ६२, ती पण अडकते. रुंदी १२ फूट, तिथं ४७ हर्ट्झ. उंची १० फूट, ५६. म्हणजे ४७, ५६, ६२ असे तीन जवळजवळचे सूर तुमच्या हॉलला फुकट फुगवून मिळतायत, आणि बास गिटार, ढोलकीची धुम, डग्गा यांची वस्ती याच पट्ट्याच्या आसपास असते.

आता हौदाच्या काठाला काय होतं ते आठवा. भिंतीला लागून दाब सगळ्यात जास्त. तुमचा सोफा भिंतीला टेकून आहे म्हणजे ऐकणाऱ्याचं डोकं बरोबर काठावर, आणि सब कोपऱ्यात म्हणजे हात पण काठावरनंच हलवताय. कोपऱ्यात सब सगळ्यात जोरात वाजतो हे खरं, म्हणून दुकानदार तिथंच ठेवतात, पण तिथनं तो खोलीतले सगळेच अडकणारे सूर एकदम जागे करतो.

पहिलं काम, सोफा ३ फूट पुढं घ्या. अंदाजानं सांगत नाहीय, १८ फुटाच्या खोलीत ६२ हर्ट्झचा दाब भिंतीपासून ३ फुटावर निम्मा होतो, म्हणजे ६ डेसिबल कमी. साडेचार फुटावर तो जवळजवळ शून्य होतो, पण तिथं नका बसू, तिथं तोच सूर गायब होईल आणि मग म्हणाल बासच नाही. मधोमध ९ फुटावर पण नको, तिथं ३१ वाला मरतो आणि सिनेमातली खोल घरघर निघून जाते.

दुसरं काम, सबला सोफ्यावर बसवा. खरंच सांगतोय. सोफ्यावर तुम्ही जिथं बसता तिथं सब ठेवायचा, बास चांगला चालता असलेलं एखादं गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीकडेनं गुडघ्यावर रांगत फिरायचं, कान सबच्या उंचीला ठेवून. जिथं प्रत्येक ठोका सारखा आणि सुटा ऐकू येतो तिथं थांबायचं, ती सबची जागा. सब आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोली तेच उत्तर देते म्हणून हे चालतं. घरातले हसतील, हसूदेत. मी माझ्या १५ बाय ११ मधे हे करायच्या आधी दोन वर्षं सेटिंगांशी झटत होतो आणि शेवटी सब खिडकीखाली गेला तेव्हा कुठं गाणं लागलं.

कराड_साउंड:

म्युझिकला सब बंदच ठेवा ना राव. स्टिरिओ ऐकायचं तर दोन स्पीकर, बाकी सगळं सिनेमासाठी. पूर्वी कोण सब लावत होतं? अण्णांच्या जुन्या सेटला पण नसणार.

विश्रामबाग_५.१:

कराडकर, मोठ्या जुन्या लाकडी स्पीकरात ८ नाहीतर १० इंची वूफर असायचा म्हणून सब लागत नव्हता. आता यांचे बुकशेल्फ पाच-सहा इंचीच असणार, त्याला एकट्याला सोडलं तर डग्गा नुसता टकटक वाजेल. जुनी ७८ आरपीएम वरची ध्वनिमुद्रणं ऐकायची असतील तर मात्र तुमचं पटतं, त्यात तळाला संगीत फार नसतंच, असते ती तबकडीची घरघर, ती सबला पाठवून काय करायचं.

सेटिंगचं विचारलंत ते सांगतो. सिनेमाच्या ५.१ मधला जो .१ आहे तो एलएफई नावाचा वेगळा चॅनल, १२० हर्ट्झपर्यंतचा, आणि तो बाकी चॅनलपेक्षा १० डेसिबल जास्त वाजवायचा असाच ठरलेला आहे, म्हणून स्फोट तेवढे अंगावर येतात. गाण्याच्या स्टिरिओत तो चॅनलच नसतो. तिथं सबकडं जातं ते फक्त रिसीव्हर पुढच्या स्पीकरमधनं कापून देतो तेवढं. म्हणून रिसीव्हरमधे सगळे स्पीकर स्मॉल करा, आवाजानं लहान असा अर्थ नाही त्याचा, खालचा बास सबला द्या एवढाच अर्थ. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबकडं जातो ती हद्द, ८० हर्ट्झ. ऑटो सेटअपनं पुढचे लार्ज करून ठेवले असतील तर बदला, आणि सबचा मोड एलएफई प्लस मेन असेल तर फक्त एलएफई करा, नाहीतर एकच बास पुढच्या स्पीकरमधनं पण येतो आणि सबमधनं पण. सबच्या पाठीमागं क्रॉसओव्हरचं बटण असतं ते पूर्ण वरती फिरवा, कापायचं काम रिसीव्हर करतोय, दोघांनी कापलं की मधेच खड्डा पडतो.

आणि डायनॅमिक ईक्यू नावाचं एक सेटिंग बघा. आवाज कमी ठेवला की आपल्या कानाला बास कमी लागतो म्हणून ते तो वाढवून देतं, सिनेमाच्या आवाजाची पातळी धरून. गाणी त्याहून जोरात मिक्स केलेली असतात त्यामुळं गाण्याला ते उगाच जास्त बास घालतं. त्याच्याच खाली रेफरन्स लेव्हल ऑफसेट आहे, सिनेमाला ० ठेवा, गाण्याला १० नाहीतर १५, किंवा सरळ बंद. गाणं आणि सिनेमा यात खरंखुरं वेगळं ठेवण्यासारखं सेटिंग हे एवढं एकच.

मिरजेचा_तंबोरा:

अण्णांचं वाक्य वाचून लिहायला बसलो, तबला पाण्यात बुडवल्यासारखा. इतकं नेमकं वर्णन मशीनला पण जमणार नाही, त्यांच्या कानावरच सेट लावा असं माझं मत.

आमचं घर मिरजेत सतारमेकर गल्लीच्या जवळ, आयुष्य तंबोऱ्यांच्या आवाजात गेलं. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते.) भोपळा निवडणारा माणूस आधी तो वाजवून बघतो, पोकळीचा स्वतःचा सूर असतो हे तो न शिकता जाणतो. तुमचा हॉल हा तसाच एक भोपळा आहे, फक्त चौकोनी.

तर वरचे आकडे आपल्या भाषेत सांगतो. पेटीच्या पांढरी एक पट्टीचा षड्ज साधारण १३१ हर्ट्झ, त्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६५. काळी एकचा खर्ज ६९. पांढरी सातचा ६२. म्हणजे यांचा हॉल पांढरी सातच्या खर्जाला बरोबर फुगतो आणि पांढरी एक, काळी एक त्याच्या शेजारी आहेत, पुरुष गायकांच्या पट्ट्या बहुतेक तिथल्याच. ज्या गायकाची पट्टी पांढरी सात-एक असेल तो तुमच्या हॉलमधे सगळ्यात वाईट ऐकू येणार. अण्णांना विचारून बघा, एखादा आवडता गायक जास्त खराब लागतो का.

तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून मात्र तपासू नका, मी केलंय आणि फसलोय. जवारीमुळं (घोडीवर तार घासून येणारी झणकार) तंबोऱ्यात वरचे स्वर इतके भरून येतात की खर्जाच्या तारेचं मूळ कंपन त्यामानानं थोडंच असतं, सबला काही कामच मिळत नाही. त्यापेक्षा मोबाईलवर साधं टोन जनरेटर घ्या, आवाज अगदी हळू ठेवून ४० पासून १०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जा. कुठं एकदम फुगतं, कुठं विझतं ते कागदावर लिहा. जोरात नका लावू, एकच शुद्ध सूर बराच वेळ जोरात वाजला तर सबची कॉइल तापते.

आणि खरी परीक्षा डग्ग्याची. ज्यात तबला एकटा वाजतोय असं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण घ्या आणि घिस्सा ऐका, मनगट सरकवून 'घे' वरती चढवतात ना तो. चांगल्या लागलेल्या खोलीत तो चढ एकसंध ऐकू येतो, जिन्यावरनं कोणी हळूहळू वर यावं तसा. वाईट खोलीत मधल्या एकाच पायरीवर धाडकन पाय आपटल्यासारखं होतं. डग्ग्याचा घुमारा वेगळा आणि खोलीचं घुमणं वेगळं, आणि घिस्स्यात ते दोन सुटे होतात. सोफा तीन फूट सरकवल्यावर आणि सब हलवल्यावर दरवेळी तीच ओळ लावून ऐका. दहा सिनेमांपेक्षा हे लवकर कळवतं.

वायरमन_तासगाव:

सबमधल्या त्या हुंऽऽबद्दल, म्हणजे हमबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. केबलचा बॉक्स लावला की येतो आणि काढला की जातो म्हणजे ग्राउंड लूप. केबलची गोल वायर बाहेरच्या खांबाकडनं स्वतःचं अर्थिंग घेऊन येते, तुमचा सब घरच्या अर्थिंगवर, दोन अर्थिंगमधे थोडा फरक पडला की ५० हर्ट्झ सिग्नलच्या वायरमधनं फिरतो आणि सब तो इमाने वाजवतो. तपासायला बॉक्स चालूच ठेवा आणि मागची ती गोल वायर फक्त उपसा. हम गेला तर केबलवाल्याकडनं त्या वायरीत लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मागवा, आणि टीव्ही, रिसीव्हर, सब, बॉक्स सगळं एकाच बोर्डवरनं घ्या.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, कुणीही म्हणलं की सबची तिसरी पिन काढा, हम जातो, तर काढू नका. जातो हे खरं आहे पण त्याबरोबर संरक्षण पण जातं. मी असल्या पिन काढलेल्या घरात शॉक लागलेली माणसं बघितलीत. वायरमनकडनं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधे व्होल्टेज बघून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर घराचं अर्थिंगच बघायला झालंय, पुराच्या पाण्यात बुडलेल्या घरात तर नक्की बघा, खड्ड्यातली प्लेट आणि जोड गंजलेले असतात.

स्पीकरच्या वायरीला महागडं काही नको. पंधरा-वीस फुटाला दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची मऊ वायर पुरते, मनाला वाटत असेल तर अडीच. फक्त प्लस-मायनस नीट. शंका असेल तर रिसीव्हर बंद करून स्पीकरच्या वायरी रिसीव्हरकडच्या टोकाला सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचा प्लस लाल वायरीला. वूफरचा पडदा बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर कुठंतरी वायर उलटी आहे.

साताऱ्याची_लेक:

बोलणं ऐकू न येण्यावर माझं थोडं. आमच्याकडं पण सेंटर युनिटच्या कप्प्यात आत सारलेला होता आणि सासूबाई प्रत्येक वाक्याला काय म्हणला काय म्हणला विचारायच्या. दोन गोष्टी केल्या. सेंटर कप्प्याच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत ओढला, म्हणजे त्याच्यासमोर फळी राहत नाही आणि आवाज कप्प्यात घुमत नाही, आणि खाली पुढच्या बाजूला दाराला लावायची रबरी पाचर घालून तोंड वरती कानाच्या दिशेला केलं. मग ऑटो सेटअपनंतर फक्त सेंटरची लेव्हल २ डेसिबल वाढवली. रात्री रिसीव्हरमधलं डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन चालू करते, त्यानं हळू बोलणं आणि मोठा स्फोट यातलं अंतर कमी होतं. सकाळी बंद करायला विसरू नका मात्र, गाण्याचा जीव जातो त्यानं.

सराउंड छताच्या कोपऱ्यात आहेत का? माझे तसेच होते. ५.१ ला ते बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागं असावेत, समोर शून्य धरलं तर १०० ते १२० अंशावर, कानापेक्षा फूट-दोन फूट वरती. पुढचे दोन प्रत्येकी ३० अंशावर. सोफा पुढं घेतला की हे आपोआप जमेल, भिंतीला टेकल्यावर मागं जागाच नसते.

घोंगडी आणि पडद्यांचं पण सांगते कारण आम्ही भिंतीवर चांगली माणदेशी घोंगडी लावली होती. तिनं टाळी वाजवली की येणारा खणखणाट गेला, आवाज मऊ झाला, गाण्याचे शब्द स्वच्छ झाले, पण बासवर काडीचा फरक नाही. ६२ हर्ट्झची लाट साडेपाच मीटर लांब असते, तिला इंचभर लोकर काय अडवणार. अंड्याचे ट्रे आणि ते पिरॅमिडवाले फोम लावा असं कोणी सांगितलं तर बाससाठी पैसे घालू नका. त्यातल्या त्यात पिंजाऱ्याकडच्या जाड कापसाच्या गाद्या दोन-तीन गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या तर वरच्या बासवर थोडा परिणाम होतो, पण हॉलमधे गाद्यांचे गठ्ठे कोणाला चालणार.

खाली लहान बाळ वगैरे असेल तर सबखाली जाड रबर घाला. त्यानं फरशीतनं जाणारी थरथर कमी होते, हवेतनं जाणारा बास मात्र स्लॅबमधनं जाणारच, तिथं आवाजच कमी करावा लागतो. रात्री १० नंतर रहिवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे नियमात, मिरवणुकीच्या डॉल्बीसाठी आपण तो नियम सांगतो तर घरात पण पाळायला हवा असं मला वाटतं.

गावभागकर:

मंडळी, रविवार सकाळपासून यातच होतो, आत्ता लिहितोय.

पहिलं म्हणजे सेल लावून बघितलं. उजव्या स्पीकरचा पडदा आत गेला. वायर भिंतीतनं जाताना मधे जोड दिलाय तिथं उलटी झालेली. आता आठवलं, ऑटो सेटअपच्या वेळी फेज असा काहीतरी मेसेज आला होता आणि त्या पोरानं स्किप केला होता. सरळ केल्यावर गाणारा माणूस पहिल्यांदा मधोमध येऊन बसला, आधी आवाज कुठनं येतोय तेच कळत नव्हतं, मला वाटलं होतं असंच असतं.

मग सोफा तीन फूट पुढं. आईचा आधी विरोध होता, मागं मोकळी जागा बघून म्हणली बरंच झालं, जपाला बसायची चौकी तिथं ठेवते. मग सब सोफ्यावर ठेवून रांगलो. कोपऱ्यात भयंकर, टीव्हीखाली बरं, आणि डाव्या लांब भिंतीला टीव्हीच्या भिंतीपासून साडेचार-पाच फुटावर एकदम स्वच्छ. तिथं आधी बुटांचा स्टँड होता तो बाहेर गेला. टोन जनरेटर लावला तर आधी कोपऱ्यात असताना ६० ते ६४ च्या मधे दिव्याच्या पट्टीपासून शोकेसपर्यंत सगळं बोलत होतं, आता तिथं थोडंसंच फुगतं. ४७ च्या आसपास अजून आहे जरा.

संध्याकाळी अण्णांना बसवलं. तबल्याचं एकल वादन लावलं, काही सांगितलं नाही. दहा मिनिटं डोळे मिटून होते, मग म्हणले किनार आणि डग्गा वेगवेगळ्या माणसानं वाजवल्यासारखं वाटत नाही आता, एकाच माणसाचे दोन हात आहेत. नंतर स्वतः उठून रिमोट घेतला आणि नाट्यगीत लावायला सांगितलं, ऑर्गन ऐकायचाय म्हणले.

दोन शंका राहिल्यात. एक, ऑटो सेटअपनं सबचं अंतर १७ फूट दाखवलंय, टेपनं मोजलं तर ११ च भरतं, दुरुस्त करू का? दोन, साडेचार फुटालाच सब चांगला का लागला, योगायोग का?

विश्रामबाग_५.१:

वा, डोळ्यापुढं उभं राहिलं सगळं. योगायोग नाही. साडेचार फूट म्हणजे १८ चा पाव भाग, ६२ हर्ट्झ तिथं हिंदकळतच नाही, म्हणून तिथनं सब त्याला हात घालू शकत नाही. कानानं शोधलंत आणि हिशोबाच्या जागी पोचलात. ४७ उरलाय तो रुंदीचा, कारण सब बाजूच्या भिंतीला टेकलेला आहे, म्हणजे रुंदीच्या काठावर. कधी पुढं पैसे झाले तर मोठा सब घेण्याऐवजी असाच दुसरा १० इंची घ्या आणि समोरच्या भिंतीला बरोबर त्याच अंतरावर ठेवा, दोघं मिळून रुंदीचा तो सूर एकमेकांचा रद्द करतात. हरमनमधे टॉड वेल्टी यांनी २००२ मधे यावरच पेपर केला होता, सब किती आणि कुठं, आणि त्यातनं हेच निघालं की सबची संख्या आणि जागा यानं मोठा फरक पडतो. पण घाई नाही, अण्णांना ऑर्गन नीट ऐकू येतोय तोवर राहूदे.

१७ फूट हे सोफा आणि सब हलवल्यानंतर आलेलं असेल तर त्याला हात लावू नका. मग ते नुसतं टेपचं अंतर नाही, सबच्या आतल्या सर्किटमधे सिग्नलला जो उशीर होतो तो पण रिसीव्हर फुटात मोजून त्यात मिळवतो. आवाज एका मिलिसेकंदात फूटभर जातो म्हणजे तुमचा सब पाच-सहा मिलिसेकंद उशिरा बोलतो एवढाच अर्थ. ११ केलंत तर ८० हर्ट्झच्या जोडाला सब आणि पुढचे स्पीकर एकमेकांना खातील.

हे १७ सोफा हलवायच्या आधीचं आहे का नंतरचं ते लिहिलं नाहीत. आधीचं असेल तर ते जुन्या जागेचंच अंतर असणार, मग ऑटो सेटअप परत चालवायलाच लागेल, सोफा, सब, उजवी वायर सगळंच बदललंय. पंखा बंद, खालच्यांना सांगून पंधरा मिनिटं शांतता, माईक कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीला टेकवून नको. पहिली जागा अण्णा जिथं बसतात ती, बाकीच्या तिच्यापासून दीड-दोन फुटाच्या आतच, लांब दिवाणावर वगैरे नेऊ नका. झालं की सबची लेव्हल किती आली तेवढं इथं टाका, उणे १२ दाखवत असेल तर ती मोजपट्टीचीच कडा आहे, म्हणजे सबचं मागचं बटण जास्त आहे, ते खाली करून परत मोजायचं.

गावभागकर:

आधीचं आहे, परत चालवतो. उद्या सकाळी करतो मग, आत्ता ते ऐकतायत.